थिनरची चिंधी

माणसांवर विश्वास टाकायची चंपाला कधी घाई नसायची. घाटकोपरच्या वस्तीत वाढलेल्या मुलीला ती चैन परवडत नाही, असं तिचं म्हणणं. त्यामुळे कीबोर्डवरचा ‘ए’ अर्धा पुसलेला दिसला, तेव्हा तिचा संशय इकडेतिकडे भटकत बसला नाही. सरळ जयावर जाऊन बसला.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. विमानाने जाणाऱ्या मालाचे कागद कॉम्प्युटरवर चढवायचं अंधेरीतलं एक लहानसं ऑफिस. कॉम्प्युटर एक, पोरी दोन. सकाळी आठ ते दोन वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली जया, दोन ते आठ चंपा. कीबोर्ड परदेशातून आलेला, आणि त्यावरची छापील अक्षरं हा शिवदास सरांचा जीव की प्राण. पोरींची बोटं न बघता चालायची. सरांनाच एका बोटाने, अक्षर शोधत टाइप करावं लागे. त्यांनी दोघींना बजावून ठेवलं होतं, “दिवाळीनंतर एकीला कायम करणार. आणि जिच्या हातून ही अक्षरं जातील, ती आधी घरी जाणार.”

चंपाची आई सुंदराबाई तीन घरची भांडी घासायची आणि तिचे गुडघे पार गेले होते. कायम झालो की आईला घरी बसवायचं, एवढंच चंपाने ठरवलेलं. त्यात ही जया आडवी.

दोन वाजता चंपा खुर्चीत बसली की बटणं किंचित चिकट लागायची. वरून कसलासा उग्र वास. मासळीचा, दुसरा कशाचा असणार? सकाळी आईबरोबर टोपली भरून येत असेल नि तेच हात इथे लावत असेल. आता मासळीचा वास कसा असतो हे मुंबईत शेंबड्या पोरालाही कळतं. पण मनाने एकदा ठरवलं की नाक बिचारं त्याच्या मागे जातं.

टायपिंगच्या क्लासात चंपाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं, बसण्याआधी मशीन पूस. तिथल्या लोखंडी टाइपांना शाईचा चिखल बसायचा, तो थिनरने निघायचा. तीच सवय तिने इथे आणली. रोज जया गेली की चिंधीवर थेंबभर थिनर घ्यायची आणि एकेक बटण पुसायची. चिकटपणा जायचा, चिंधी काळी निघायची. केवढी ही घाण हातांना, ती मनात म्हणायची, आणि चिंधी घडी करून खणात ठेवायची.

पंधरा दिवसांत ‘ए’ गेला, ‘एस’ गेला, ‘ई’ची नुसती दांडी उरली. आपल्याला घालवायला ही बया अक्षरं खरवडतेय, याबद्दल चंपाला आता तिळभर शंका नव्हती.

एका दुपारी ती मुद्दाम लवकर आली आणि दाराच्या काचेतून बघत राहिली. जया कीबोर्डवर वाकली होती. हातात काहीतरी बारीक. एकेका बटणावर ते फिरवत होती. चंपाची पावलं वाजताच तिने ते पर्समध्ये टाकलं. चंपा तशीच सरांकडे गेली. “सर, जया अक्षरं खरवडते. मी डोळ्यांनी पाहिलं.”

सरांनी दोघींना समोर उभं केलं. जयाने पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली. बिनरंगी.

“खरवडत नाही, सर. लावते,” ती म्हणाली. “निघताना रोज पातळ हात देते, अक्षरं टिकावीत म्हणून. आमच्याकडे होडीवरचं नाव असंच वार्निश मारून जपतात. तुम्हाला चालेल की नाही, म्हणून बोलले नाही.”

“मग जातात कशी?” सरांनी विचारलं.

“तेच कळत नाही. रोज लावते, रोज जातात. मशीनच खराब आहे, असं वाटलं.”

सर बाटलीचं झाकण उघडून संशयाने बघत होते. “या पॉलिशनेच गेली असतील. उद्यापासून तू येऊ नकोस.”

चंपाला तो वास आला. तोच, दोन वाजताचा. मासळीचा नव्हे, या बाटलीतला. आता नुसतं गप्प बसायचं होतं, बस्स. नोकरी तिची, आईचे गुडघे सुटले.

ती कॉम्प्युटरपाशी गेली, खण उघडला आणि चिंधी सरांच्या टेबलावर ठेवली.

“हे काय?”

“अक्षरं आहेत, सर. मी पुसली. थिनरने, रोज.”

सरांनी चिंधीवरचा काळा डाग पाहिला आणि डोक्याला हात लावला. जया मात्र चंपाकडे बघत होती. रागाने नव्हे, खरंच समजत नव्हतं म्हणून.

“पण तू रोज का पुसायचीस गं?”

सवय म्हणता आलं असतं. पण चंपाला आईचं तिसरं घर आठवलं. सुंदराबाईने लखलखीत घासलेल्या भांड्यांवर तिथली मालकीण पुन्हा पाणी फिरवायची, आणि लहानगी चंपा दाराशी उभी राहून आतल्या आत जळायची.

“तुझा हात लागलेला असायचा म्हणून,” ती म्हणाली.