मोनाली मॅडमची भाषा

दारव्ह्याच्या मोनालीला शिकवता येत होतं, आणि तिला ते ठाऊकही होतं. ऑनलाइन शिकवणी चालवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीने तिला तीन महिने बघू म्हणून घेतलं होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना एकेकाला वेगळं संख्याशास्त्र शिकवायचं. पोरांचे अभिप्राय चांगले आले तर कायम. त्या साली बोंडअळीने घरचा कापूस पार नासवला होता आणि किराणा तिच्याच पगारावर येत होता. 'प्रमाण भाषेतच बोलावं' अशी कंपनीची ताकीद होती. पुण्यात बसून ताकीद द्यायला काय जातं!

बबलू ढाणकीकडच्या तांड्यातून पुण्याला शिकायला गेलेला. सुरुवातीला तो नुसता "हो मॅडम, हो मॅडम" करायचा आणि चाचणीत भोपळा आणायचा. शेवटी मोनालीने ताकीद गुंडाळून ठेवली.

"हो हो कायले करतं रे? तुहा बाप अळी पाह्यते तवा साऱ्या वावरातली बोंडं फोडून पाह्यते काय?"

बबलू पहिल्यांदाच हसला. "नाई मॅडम. इथून तिथून वीसेक बोंडं तोडते."

"एकाच कडेच्या धुऱ्यावरची काहून नाई तोडत?"

"तिथंच जास्त अळी असली तं सारं वावर सडलं असं वाटंन ना."

"मंग आता मले सांग, नमुना म्हंजे काय?"

त्याने सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. त्यानंतर तिने आयतं उत्तर कधी दिलंच नाही. ती विचारायची, तो अडखळायचा, ती पुन्हा विचारायची. परीक्षेत पोरगा वर्गात तिसरा आला, आणि जिलेबी मात्र मोनालीच्या घरी वाटली गेली.

मग कंपनीचा फोन आला. बाकीचे अभिप्राय ठीक होते, पण एक तक्रार होती: मॅडम गावठी बोलतात, दुसऱ्या शिक्षिका द्याव्यात. खाली बबलूचं नाव. कायम होणं बारगळलं. मोनालीच्या अंगाचा तिळपापड झाला.

चार दिवसांनी बबलूनेच फोन लावला. "मॅडम, उद्या क्लास घेता काय? पुढचं काईच समजून नाई राह्यलं."

"तक्रार तूच केली ना रे?"

तो म्हणाला, "रूमवरचे पोट्टे तुमचं बोलणं आयकून हसत, मॅडम. मलेही हसत. म्हनून लिवलं. तुमाले काढतीन असं नोतं वाटलं."

"आता नव्या मॅडमले विचार."

"त्यायचं मले समजत नाई ना."

त्याची कीव यायला हवी होती, पण आली नाही.

"यापुढे मला फोन करू नकोस," मोनाली अगदी शुद्ध मराठीत म्हणाली आणि तिने फोन ठेवला.