आज गुटी आई देईल

माझ्या घरात दोन आया होत्या आणि त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. एक माझी आई वेणूबाई, सहा आठवड्यांपूर्वी बाळाला सांभाळायला परभणीहून आलेली. दुसऱ्या माझ्या सासूबाई सरोजिनी, सदाशिव पेठेतल्या या फ्लॅटच्या मालकीणबाई. एकीनं दुसरीला काही सांगायचं तर ते माझ्या नाहीतर माझ्या नवऱ्याच्या, आमोदच्या तोंडून जायचं.

भांडण जायफळाचं. चार महिन्यांची स्पृहा संध्याकाळ झाली की रडून घर डोक्यावर घ्यायची. दोघींकडे इलाज एकच: सहाणेवर दुधात जायफळ उगाळायचं आणि बाळाला चाटवायचं. सहाणेवरून एकदा गोल फिरवलं की एक वेढा, आणि बाळाला एकच वेढा, इथपर्यंत दोघींचं एकमत होतं. वाद होता तो पोरगी कुणाच्या हातची गुटी घेऊन शांत झोपते याचा. सासूबाई माझ्याशी बोलत, पण आईला ऐकू जाईल अशा बेतानं: "आमच्याकडे बाळाला झोपवतात हो, गुंगवत नाहीत." आई ओट्याशी पुटपुटायची, "पुण्याचे लोक जायफळबी मोजून उगाळतेत." मला दोघींचा वीट आला होता. शेवटी मीच पाळ्या लावून दिल्या, एक दिवस ही, एक दिवस त्या.

स्पृहाला लस दिली त्या दिवशी गुटी चुकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाळी कुणाची यावरून तोंडं फुगली. बुडाला होता तो आईचा दिवस. म्हणून ऑफिसला निघताना मी तिला म्हटलं, आज तूच दे. कॅबमध्ये बसल्यावर आमोदलाही मेसेज टाकला: "आज गुटी आई देईल."

दोघींनाही मी आईच म्हणते, पण माझी आई 'देईल', सासूबाई 'देतील'. लग्न झाल्यापासून मी यात एकदाही चुकलेले नाही. पण आमोदची आई आमोदला 'देईल'च ना! घरून काम करणाऱ्या माझ्या नवऱ्यानं लॅपटॉपमधून डोकं वर न काढता त्याच्या आईला सांगितलं, आज तू दे.

मी घरी आले तेव्हा स्पृहा झोपली होती. दूध पाजायला उठवू लागले तर उठेना. तळपाय चोळले, तोंडावर पाणी लावलं. मान एका बाजूला कलंडली. रिक्षा करून आम्ही चौघं दवाखान्यात पोचलो.

काय चाटवलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सगळा घोळ बाहेर आला: एकीनं दिल्याचं दुसरीला ठाऊक नव्हतं, गुटी दोघींनी दिली होती. आमोद मेसेज दाखवून म्हणाला की तूच 'देईल' लिहिलंयस. मला त्याचा फोन भिंतीवर आपटावासा वाटला. किती वेढे, असं डॉक्टरांनी विचारल्यावर दोघी एका सुरात म्हणाल्या, एकच. डॉक्टर म्हणाले, एकेका वेढ्यानं बाळ असं पडत नाही, खरं सांगा.

आई, सहा आठवड्यांत पहिल्यांदा, सासूबाईंकडे तोंड करून बोलली.

"म्या चार देले. दर पाळीला देती. आता तुमी खरं सांगा, विहीणबाई."

सासूबाईंनी पदर सारखा केला. "मीही चारच," त्या म्हणाल्या.

त्या 'च'चा मला संताप आला. दोघी रोज माझ्या लेकीला गुंगवत होत्या आणि मी ऑफिसात बसून कौतुक करत होते, किती शहाणी झोपते म्हणून.

स्पृहाला सलाईन लावलं, छातीला तारा चिकटवल्या. उजाडल्यावर तिनं डोळे किलकिले केले, ओठ काढला आणि टाहो फोडला. बाकावरच्या दोघी एकदम उठल्या, चार हात पाळण्याकडे गेले.

"आई, हात लावायचा नाही," मी म्हणाले.

कोणती आई, हे कुणी विचारलं नाही. चारही हात मागे गेले.