देवकीच्या छतावरची पेटी

आमच्या घरातला पिण्याचा माठ अकरा वर्षं मी एकटीनं भरला. हिंगणा रोडवरच्या आमच्या विहिरीचं पाणी इतकं खारं की त्यात तुरीची डाळ दोन-दोन तास शिजायची नाही. म्हणून रोज पहाटे मी मैलभर चालून गोडं पाणी आणायची, आणि सासरे धोंडबा आल्यागेल्याला सांगायचे, "हे घर शामलाच्या पाण्यावर चालते." आणखी काय हवं होतं मला?

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात कॉलेजातले आनंदराव साहेब एक पेटी घेऊन आले. आत काळं ताट, वर तिरपी काच. खारं पाणी नळीतून आत ओतायचं. उन्हानं त्याची वाफ व्हायची, काचेला आतून थेंब धरायचे आणि ओघळून बाहेरच्या बाटलीत गोडं पाणी जमायचं. पेटीला सपाट छत पाहिजे. माझ्या खोलीवर उतरत्या कवेलूंचं छप्पर. धाकट्या जावेच्या, देवकीच्या खोलीवर स्लॅब. झालं, पेटी तिची झाली.

पहिल्याच आठवड्यात त्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजली. "देवकी, काय पाणी आहे वं!" सासरे म्हणाले. खोटं कशाला बोलू, मी जळले. ती काच पुसायची तेसुद्धा मला बघवेना. नागपूरचं ऊन सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच, मग त्याचं पाणी तिच्याच हाताला का?

मग साहेबांचा निरोप आला. रविवारी येतो, पाणी चांगलं निघालं तर पेटी कायमची तुमच्याकडे. सासरे मला म्हणाले, "आता तुले एवढं चालाचं काम नाही वं, शामला. माठ देवकीच भरत जाईन." ते मायेनंच म्हणाले, हे मलाही कळत होतं. पण माठ गेला की या घरात माझं काय उरणार होतं?

रविवारी सकाळी देवकी न्हाणीत गेल्याबरोबर मी मिठाची बरणी पदराखाली घेऊन छतावर गेले. तिथल्या पाण्याच्या बादलीत सगळं खडेमीठ उपडं केलं, घाईघाईनं ढवळलं आणि नळीतून आत ओतून दिलं. साहेब आता घोट घेतील आणि थूथू करतील, या आनंदात मी गुणगुणत वरण केलं.

दुपारी साहेब बाटलीतलं पाणी प्याले आणि म्हणाले, "वा!" मग काच उचलून ताटातल्या पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि ओरडलेच, "बाप रे! विहीर आहे का समुद्र? एवढ्या खाऱ्यातून एवढं गोडं पाणी? पेटी तुमचीच!"

मीठ ताटातच राहतं, वाफ तेवढी वर जाते. त्यासाठीच तर ती पेटी होती. एवढं साधं मला सुचू नये!

साहेब आणि सासरे जेवायला बसले. सासऱ्यांनी पहिला घास घेतला. "काहून वं शामला, वरणात मीठ नाही टाकलं काय?"

माझा हात बरणीकडे गेला आणि तिथेच थांबला. घरातलं सगळं मीठ छतावर होतं.

देवकी माझ्याजवळ येऊन बसली. तिनं पदराआडून एक वाटी माझ्यापुढे सरकवली. वाटीत खडेमीठ होतं. "घ्या, जाऊबाई," मला एकटीलाच ऐकू येईल इतक्या हळू ती म्हणाली. "सकाळी बादलीपाशी सांडलं होतं. मी येचून ठेवलं."

म्हणजे तिला सकाळपासून ठाऊक होतं. मी वरणात मीठ घातलं.

"आता बरोबर लागून राहिलं," सासरे म्हणाले. "तर मग उद्यापासून माठ देवकीनंच भराचा."

"नाही, मामाजी," देवकी म्हणाली. "माठ जाऊबाईच भरतीन. मी वरून पाणी आणून देत जाईन."

तिनं भांडायला हवं होतं. चारचौघांत माझं नाव घ्यायला हवं होतं. मी तिला तोंडावर उत्तर दिलं असतं.

माठ आजही मीच भरते. ती बाटली आणून हातात देते आणि मी ओतते. मैलभरावरून आणलेल्या घागरी मला कधी इतक्या जड झाल्या नव्हत्या.