फोन स्पीकरवर होता

सासूबाईंना घरातलं सगळं माहीत असायचं, आणि जे माहीत नसायचं त्याबद्दल त्यांचं मत असायचं. ओला टॉवेल दारावर टाकू नये. ठमीची वेणी इतकी घट्ट घालू नये, केस जातात. कांदा असा नाही, तसा चिरावा. सून म्हणून मास्तरीण या घरात आली तेव्हापासून हा रेडिओ चालू होता आणि त्याला बंद करायचं बटण नव्हतं.

'मास्तरीण' हे तिला कारखान्यात पडलेलं नाव. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती कटिंग बघायची. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर कागदाचा नमुना ठेवायचा, आणि कापायचं यंत्र असं फिरवायचं की सगळ्यात वरची बाही आणि सगळ्यात खालची बाही एकसारखी निघाली पाहिजे. तिथं तिच्या शब्दाला वजन होतं. घरी आली की मात्र कांद्यापासून सुरुवात.

ती मुकाट ऐकून घ्यायची असं नाही. दोघी तोडीस तोड होत्या.

"आई, तुम्ही जरा बसा बरं, मी बघते."

"बसूनच तर बघतेय, तू काय करतेस ते."

नवरा बस डेपोत मेकॅनिक. दिवसभर इंजिनांच्या घरघरीत काढून यायचा, आणि स्वयंपाकघरात या दोघींचं सुरू झालं की ठमीला घेऊन पायऱ्यांवर जाऊन बसायचा. "संपलं का बघ गं," असं तो लेकीला सांगायचा, आणि ठमी दारातून डोकावून, "अजून भाजीवरच आहेत," असा निरोप आणायची.

मालकांनी परदेशात नवा कारखाना घेतला तेव्हा तिथल्या लोकांना कटिंग शिकवायला मास्तरणीचं नाव पुढं आलं. सहा महिने राहायचं होतं. तिनं जेवताना ही गोष्ट सांगितली ती नाही म्हणायचंय अशाच सुरात. नवऱ्याचा घास हातातच राहिला. "ठमीचं कसं होणार? तिची शाळा, डबा..."

"मी काय मेलेय का?" सासूबाई म्हणाल्या. "जाऊ दे तिला. मला साध्या शिवणाच्या क्लासला कुणी जाऊ दिलं नव्हतं. ही विमानानं जातेय तर जाऊ दे." आणि लगेच सुनेकडे वळून, "डबे कुठं काय ठेवलेत ते मात्र सांगून जा. तुझी मांडणी काही मला कळत नाही."

बॅग त्यांनी दोनदा उपसली आणि दोनदा भरली. लोकरीचे मोजे तळाशी घातले, शाल वर ठेवली. त्या आंघोळीला गेल्यावर मास्तरणीनं शाल काढून कपाटात मागं सारली. एवढं ओझं कोण वाहणार, आणि सगळं काय म्हणून यांच्याच मनासारखं व्हायचं?

तिकडची खोली अरुंद होती. दोन पलंग, मध्ये लोखंडी कपाट, कोपऱ्यात विजेची शेगडी. खिडकीतून कारखान्याचं आवार दिसायचं आणि तिथं मागे येणारे ट्रक टीं टीं करत राहायचे. दुसरा पलंग चेकिंगवाल्या बाईंचा. त्याही मास्तरणीच्याच जुन्या कारखान्यातून आलेल्या, तयार कपड्यांतले सुटलेले धागे नि चुकलेली बटणं पकडण्यात आयुष्य गेलेल्या. माणसांच्याही चुका त्यांना पटकन दिसायच्या, आणि दिसल्या की त्या बोलून मोकळ्या व्हायच्या.

पहिले काही आठवडे मास्तरीण हवेत होती. कामावरून यावं, पाय पसरून बसावं, कुणी हूं की चूं करायचं नाही. ताट तसंच ठेवून आडवं झालं तरी चालतंय. माहेरीसुद्धा तिला असं राहायला मिळालं नव्हतं.

अशाच एका रविवारी दुपारी नवऱ्याचा फोन आला. ठमीच्या शाळेचं झालं, डेपोतल्या संपाचं झालं, मग त्यानं विचारलं, "करमतंय का तुला तिथं?"

"करमतंय का काय विचारता! स्वर्ग आहे, अहो. सकाळपासून कानाशी भुणभुण नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझा चहा मी गरम पितेय. खरं सांगू? परत त्या कटकटीत यावंसंच वाटत नाही."

फोन कट झाला की काय म्हणून तिनं तो कानापासून दूर धरून बघितला. मग ठमीचा आवाज आला, अगदी हळू.

"आई, फोन स्पीकरवर आहे."

मास्तरणीच्या तोंडचं पाणी पळालं. नवरा "अगं, ते..." असं काहीतरी पुटपुटला. आणि मग खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून यावा तसा सासूबाईंचा आवाज आला. त्यात राग नव्हता. रोजची धारसुद्धा नव्हती.

"थंडी आहे का म्हणावं तिकडे. अंगावर घेते ना काहीतरी, विचार."

"घेते," मास्तरीण म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

चेकिंगवाल्या बाई पलंगावर बसून नखं कापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "आत्ताच्या आत्ता परत फोन लाव," त्या म्हणाल्या.

"लावून काय बोलू?"

"चुकलं म्हण. तीन अक्षरं आहेत."

"फोनवर नको. घरी गेल्यावर समोरासमोर बोलेन. ते बरं दिसेल."

"बरं दिसायचं राहू दे. जुना डाग निघता निघत नाही," चेकिंगवाल्या बाई म्हणाल्या. पण मास्तरणीनं फोन उचलला नाही. भांडणासाठी तिची जीभ कशी तयार होती! हे मात्र तिला कधी बोलावंच लागलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोलू असं ठरलं, दुसऱ्या दिवशी मोठी ऑर्डर कापायला आली, आणि मग जितके दिवस जात गेले तितकं ते बोलणं अवघड होत गेलं.

सासूबाई आता फोनवर आल्या तरी मोजकंच बोलायच्या. पूर्वी नवऱ्याच्या हातातून फोन ओढून घ्यायच्या आणि अर्ध्या गल्लीच्या बातम्या सांगायच्या. आता, "बरी आहेस ना? काम ठीक? घे, ठमीशी बोल," एवढंच. पुढं पुढं तर त्या फोनवर यायच्याच नाहीत. कधी शेजारी गेलेल्या, कधी झोपलेल्या.

आणि मास्तरणीला घर आठवायला लागलं.

ठमीची आठवण यायची, ती येणारच होती. नवऱ्याच्या खाकरण्याचीही यायची. पण खोलीला तिनं नवा पडदा शिवून लावला, आणि लावल्यावर ती तशीच वाट बघत उभी राहिली. पडदा वीतभर आखूड झाला होता. कापायच्या धंद्यातल्या बाईकडून पडदा आखूड व्हावा, यावर घरी सासूबाईंकडून आठवडाभर पुरेल इतकं ऐकून घ्यावं लागलं असतं. चेकिंगवाल्या बाई फक्त "छान रंग आहे" म्हणाल्या आणि भात शिजवायला लागल्या. मास्तरणीला एकदम पोरकं वाटलं.

कारखान्यात कापड अंथरायला एक तिथलीच म्हातारी होती. मास्तरणीनं कापडाची कड जुळवून दिली की म्हातारी जीभ टाळ्याला लावून 'च्च' करायची, कड उचलायची, पुन्हा आपल्या पद्धतीनं लावायची आणि स्वतःच्या भाषेत काहीबाही पुटपुटत राहायची. मास्तरणीला त्यातला एक शब्द कळत नव्हता, आणि सगळं कळत होतं. बाकीच्या बायकांना वाटायचं, आता ही चिडणार. मास्तरीण मात्र हसली, आणि हसता हसता तिचे डोळे असे भरून आले की तिला कापडाच्या गठ्ठ्यांमागं जावं लागलं. नंतर काही ना काही निमित्त काढून ती त्याच टेबलापाशी घुटमळायची.

मुदत संपत आली तेव्हा मॅनेजरनी विचारलं, आणखी काही महिने थांबाल का? दुसरी पाळी सुरू करायची होती. नाही म्हटलं असतं तर कुणी धरून ठेवलं नसतं. पण परत जायचं म्हणजे दारात सासूबाई उभ्या असणार, आणि ती तीन अक्षरं काढावी लागणार. मास्तरीण हो म्हणाली. शिकवणं अर्धवट टाकून कसं जायचं, असं तिनं घरी सांगितलं. स्वतःलाही तिनं तेच सांगितलं.

मग एकदा ठमीशी बोलताना तिनं सहज विचारलं, "आजी काय करतेय गं?"

"आजी आत्याकडे असते ना."

"कधी येणार?"

"नाही येणार. तिकडेच राहते आता. माझी परीक्षा झाली आणि गेली."

मास्तरणीनं नवऱ्याला फोन द्यायला सांगितलं. तो आधी टाळाटाळ करत होता. मग म्हणाला, आईनंच सांगायचं नाही म्हटलं होतं, तुझं कामात लक्ष लागणार नाही म्हणून. ठमी शाळेतून शेजारच्या काकूंकडे जाते, मी सकाळची पाळी घेतलीय, आमचं नीट चाललंय.

"पण त्या गेल्या का? भांडण झालं का तुमचं?"

"भांडण कसलं? तू आणखी थांबतेयस हे कळलं ना, त्या दिवशी ती जेवलीच नाही नीट. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मी आहे म्हणून ती येत नाही रे. मी इथून हलले तर पोरीची आई लवकर घरी येईल."

मास्तरणीनं खिडकीची चौकट धरली. खाली एक ट्रक मागे येत होता आणि एक माणूस हात हलवून त्याला जागा दाखवत होता.

हातातलं काम उरकायला जेवढे दिवस लागले तेवढेच ती थांबली. घरी आली. ठमी उंच झाली होती आणि आईला मिठी मारताना थोडी लाजली. स्वयंपाकघरात डबे जसे ती ठेवून गेली होती तसेच होते. सासूबाईंनी एकही इकडचा तिकडे केला नव्हता.

पहिल्याच रविवारी नवऱ्याला आणि ठमीला घेऊन ती नणंदेच्या गावी गेली. सासूबाई मागच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. सुनेला बघून चेहरा खुलला त्यांचा, खोटं कशाला सांगा. "आलीस? बारीक झालीस गं. बस, दमली असशील."

"मी चहा करते," मास्तरीण म्हणाली. तिनं चहात मुद्दाम साखर ओतली. सासूबाईंना गोड चहाचा भयंकर तिटकारा. असा चहा समोर आला की, "हा काय पाक केलायस?" म्हणून त्या कप परत पाठवायच्या.

त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा घेतला.

"कसा झालाय?" मास्तरणीनं विचारलं.

"छान झालाय."

आता मात्र तिला राहवलं नाही. ती त्यांच्या पायाशी खालीच बसली. "आई, त्या दिवशी फोनवर मी नको ते बोलले. चुकलं माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं, मी नाही सांगितलं."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "अगं, खरं तेच बोललीस. मला राग नाही आला. राग आला असता तर मी घरीच राहिले असते, आणि तू आल्यावर कडकडून भांडले असते तुझ्याशी. मला वाटायचं, आपलं ते बोलणंच आहे. तुला त्याचा त्रास होतोय, हे माझ्या लक्षातच आलं नाही कधी."

"त्रास नव्हता हो, आई. तिथं गेल्यावर मला कळलं..."

"राहू दे. आता रडू नकोस. ठमी बघेल."

"घरी चला ना."

"येईन की. येईन चार दिवस."

निघताना नणंदेनं तिला बाजूला घेतलं. "वहिनी, तिला ओढून नेऊ नकोस. मला वाटलं होतं, आई आली, आता माझ्या घरात राज्य करणार. मी मनाची तयारी केली होती. पण ती इथंही कुणाला काही बोलत नाही. भाजी बघ गं म्हटलं की म्हणते, तू करशील ते छान. माझी जाऊ म्हणते, किती गरीब स्वभावाची आई आहे तुझी."

परतीच्या बसमध्ये ठमी बापाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. नवरा बराच वेळ समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होता. "स्पीकर मीच लावला होता," तो म्हणाला. "तिलाच तुझा आवाज ऐकायचा होता."

मास्तरणीनं ठमीचे लोंबणारे पाय आपल्या मांडीवर घेतले.

सासूबाई शब्दाला जागल्या. सुट्टीत चार दिवस आल्या. पलंगाशेजारी पिशवी ठेवली, तिच्यातूनच कपडे काढले आणि घडी करून तिच्यातच ठेवले. मिळेल ते खाल्लं, दिलेल्या जागी बसल्या. मास्तरणीनं एकदा जाणूनबुजून आवाज चढवला, त्या वरचा डबा काढायला स्टुलावर चढल्या म्हणून. "सांगितलं होतं ना मला हाक मारा? ऐकायचं म्हणून नाही कुणाचं!" उत्तरासाठी तिचे कान आसुसले होते. सासूबाई "बरं" म्हणाल्या आणि भिंतीला धरून खाली उतरल्या.

शेजारच्या काकू भेटायला आल्या होत्या. जाताना दारात मास्तरणीला म्हणाल्या, "आता किती छान जमतं हो तुमचं. पूर्वी आमच्याकडे ऐकू यायचं."

पाचव्या दिवशी सकाळी ती त्यांना बसवर सोडायला गेली. खिडकीची जागा बघून दिली, पाण्याची बाटली हातात दिली, पिशवी पायाशी सरकवली. मग खाली उतरून खिडकीखाली उभी राहिली. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "ऊन येतंय का तुमच्या अंगावर? पलीकडच्या बाजूला बसायचं का?"

"नको. असू दे. ठीक आहे इथं."

ऊन त्यांच्या डोळ्यांवरच येत होतं. कंडक्टरनं घंटी मारली. सासूबाईंनी हात वर केला, एकदा हलवला आणि डोळे मिटून घेतले.