आईच्या हंगामाची बाटली

“वहिनी, बाटली उभी कुणी केली?”

“मी. का गं? बघ कशी लख्ख केलीय! केवढी कोळिष्टकं होती, आणि एका बाजूला तो पांढरा डाग, जाता जाईना. शेवटी काथ्याने खसाखसा घासला तेव्हा कुठे निघाला.”

खांद्यावरची पर्स न काढताच नणंदेने खुर्चीत बसकण मारली. तो डाग चुन्याचा होता. वाइनच्या आडव्या बाटलीची वरची बाजू कळावी म्हणून गोदामाच्या तळघरातली माणसं तो लावतात. मग बाटली वर्षानुवर्षं तशीच पडून राहते आणि गाळ खालच्या काचेला सायीसारखा धरतो. वहिनीने डाग घालवताना बाटली गरागरा फिरवली होती. टॉर्चच्या उजेडात आत काळसर चिंध्या तरंगताना दिसल्या.

“गेली का?” दादाने दारातून विचारलं. त्याच्या हातात सुतळीचा गुंडा होता. खोलीभर बांधलेली खोकी पडली होती. घर विकलं होतं आणि उद्या सकाळी तो आणि वहिनी मुलाकडे कायमचे राहायला जाणार होते.

“गेली नाही, ढवळलीय. आता संध्याकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही.”

“लग्न झाल्यापासून सांगतोय हिला, दिसेल ते घासू नये.”

“घासलं नसतं तर तुमचं टक्कल तरी एवढं चकाकलं असतं का?” वहिनी म्हणाली, पण तिचा चेहरा पडला होता.

नणंद वाइनच्या गोदामात चाखण्याचं काम करायची. रसायनशास्त्र शिकून तिथल्या प्रयोगशाळेत लागली होती. तिचं नाक लोकांच्या लक्षात आलं आणि ती चाखणाऱ्यांच्या टेबलावर जाऊन बसली. गोदामात तिला नाकबाई म्हणत. तिथली वाइन गोड आणि जड. द्राक्षांचा रस अर्धा आंबला की त्यात ब्रँडी ओतून आंबणं थांबवतात. त्यामुळे साखर उरते, जोर वाढतो आणि चांगल्या हंगामाची बाटली माणसाच्या आयुष्याएवढी टिकू शकते. टिकतेच असं नाही. नावाजलेल्या हंगामांच्या बाटल्या तिने हुंगल्या होत्या आणि पापणी न हलवता ‘मेली’ म्हणून बाजूला सारल्या होत्या.

या बाटलीला मात्र तसं म्हणायचा तिला धीर नव्हता. त्या हंगामाची द्राक्षं दगडी हौदात उतरून बायकांनी तुडवली होती. त्यात आई होती, आणि आईच्या पोटात ती. हंगाम संपतो न संपतो तोच, तिच्या जन्माच्या वेळी आई गेली. वडील त्याच गोदामात पिंपं बांधायचे. वाइन बाटल्यांत भरली गेली तेव्हा त्यांनी त्यातली एक मागून घरी आणली. आईच्या हातची म्हणावी अशी दुसरी एकही वस्तू घरात नव्हती. दादा दर वर्षी विचारायचा, “उघडायची का गं?” आणि ती म्हणायची, “पुढच्या वर्षी.” बाटली बंद होती तोवर चांगलीच होती.

“आमच्याबरोबर नेली असती तर?” संध्याकाळी दादा म्हणाला.

“एवढ्या प्रवासात पार घुसळून निघेल. आजच काय ते.” तिने टॉर्च पुन्हा धरला. चिंध्या तळाशी बसल्या होत्या.

इतकं जुनं बूच ओढायला गेलं तर त्याचा भुगा होतो. तिने गोदामातून आणलेला लांब लोखंडी चिमटा गॅसवर लालभडक केला आणि बुचाच्या खाली, बाटलीच्या मानेभोवती आवळून धरला. मग तो काढून तिथे बर्फाच्या पाण्यात पिळलेलं फडकं लावलं. टक्! मान बुचासकट तिच्या हातात आली.

“अगं बाई!” वहिनी ओरडली. “कोंबडीसारखी मुरगळलीस की!”

“हसवू नका हो, हात हलतोय.”

मलमलीच्या फडक्यातून तिने वाइन काचेच्या भांड्यात सावकाश ओतली. रंग फिका झाला होता, मध्ये माणकासारखा आणि कडेला विटकरी. तिने पेला नाकाशी नेला. कोंदट वास आला. ओल्या लाकडाचा, बंद कपाटाचा.

“काय?” दादा म्हणाला. “मेली असेल तर तसं सांग. मला फसवू नकोस.”

“थांब जरा. तीही एवढी वर्षं कोंडलेली होती.”

तिने पेला फिरवला, पुन्हा हुंगला, पुन्हा फिरवला. मग एकदम डोळे मोठे केले. “दादा! अंजीर... सुकं अंजीर! संत्र्याची साल, अक्रोड... आणि हे काय, अगं हे तर गुलाबासारखं काहीतरी, या वयात!” तिने घोट घेतला, जिभेवर घोळवला, गिळला. “जिवंत आहे! अरे, ठणठणीत आहे! गोडवा बघ, आणि मागून येणारा तो तुरटपणा. अजून पुढे चाललाय, अजून!”

वहिनीनेही चाखली. “मला तर खोकल्याचं औषध... नाही, थांब, मनुका! मनुकाच की! वन्सं, मला अजून दे!” दोघी नुसत्या हसत सुटल्या.

दादा पेला हातात धरून खोक्यावर बसला होता.

“अरे, पी ना! काय लागतंय सांग.”

त्याने एक घोट घेतला. मग पेला उजेडात धरून रंग बघितला.

“आईला नेलं ना, तेव्हा हा रंग तिच्या पायांच्या नखांत होता,” तो म्हणाला. “बायका तो धुवायला बसल्या तर बाबा म्हणाले, राहू द्या.”

हे त्याने आजवर कधी सांगितलं नव्हतं. वहिनीने पेला खाली ठेवला.

नणंद बाटलीकडे वळली. तळाशी तेवढा गाळ उरला होता, आईने तुडवलेल्या द्राक्षांच्या सालींचा. कुठलाही चाखणारा तो मोरीत ओततो. तिने मलमलीचं फडकं बाजूला सारलं, गाळ सगळाच्या सगळा आपल्या पेल्यात उतरवून घेतला आणि दादाशेजारच्या खोक्यावर जाऊन बसली. मग सावकाश, दातांखाली कण लागत असताना, तो पिऊ लागली.