काकूंचा डावा डोळा

"अप्पा पेंटरला गंडवून दाखवतो, नाय तर भर चौकात अर्धी मिशी काढतो!" पिठाच्या गिरणीवर मी बोलून बसलो.

गिरणीवाल्या कडूबानं पीठ झटकत हात पुढं केला. "लाव शर्त, पुंडलिक. तू जिंकला तर माझी मिशी काढ."

अप्पाराव म्हंजे आमच्या गारखेड्यातले जुने पेंटर. निम्म्या बाजाराच्या पाट्या त्यांच्या हातच्या. पण दोन वर्षं झाली, त्यांना काय आठवंना. सख्ख्या बायकोला, रत्नमालाकाकूला, मावशी म्हणतेत. मी म्हणलं, असल्या माणसाला माझं चित्र त्यांचंच म्हणून खपवायला काय लागतंय?

काकूकडं लग्नाचा फोटो मागितला. त्या म्हणल्या, "कर बाबा थट्टा. पण चित्र बघून एकदा तरी मला नावानं हाक मारली पाह्यजे त्यांनी. बस, तेवढंच."

फोटोखाली कार्बन घालून रेघ न रेघ पत्र्यावर उतरवली, वरून रंग मारला. रविवारी सकाळी सगळी गल्ली अप्पांच्या ओट्यापुढं.

"अप्पा, हे तुम्हीच काढलेलं. आठवतंय का?"

अप्पांनी पत्रा उन्हात धरला, अन् माझ्या टाळक्यात टपली मारली. "येडा समजतो का रे? रत्नाचा डावा डोळा बारीक हाय. हे दोन्ही सारखे कुणी केले?"

"फोटोत तसंच हाय, अप्पा!"

"त्या फोटोवाल्यानं ब्रश मारून सारखे केले. मी तवाच भांडलो व्हतो त्याच्याशी."

सगळ्यांनी काकूकडं बघितलं. खरंच बारीक! वीस वर्षं त्यांच्या हातचा चहा पितोय मी, अन् मला पत्ता नाय.

अप्पांनी ब्रश मागितला. डाव्या डोळ्याला टेकवला. एक रेघ ओढली, तर पत्र्यातली बाई जिती झाली.

काकू त्यांच्या शेजारी टेकल्या. "अहो, ही कोण?"

"रत्ना. बायको माझी."

"आन् मी?"

अप्पांनी लई वेळ बघितलं. मग हळूच म्हणले, "मावशी, जरा लांब बसा. रत्ना आली तर तिला राग येईल."

काकू उठल्या, हातभर लांब जाऊन बसल्या.

कडूबा म्हणला, "जाऊ दे पुंडलिक, नको ती शर्त."

"नाय. हारलो म्हंजे हारलो."

चौकात खुर्ची मांडली. सांडू न्हाव्यानं कात्री काढली, तशी काकूनं ती त्याच्या हातातून घेतली. "फोटो मी दिला व्हता. मिशी मीच कापणार."

त्यांनी कात्री तिरकीच लावली. गर्दीतून अप्पा पुढं आले. "अशी वाकडी जाईल, मावशी. थांबा." अन् शिकाऊ पोराचा धरावा तसा त्यांनी काकूचा हात आपल्या हातात धरला. "आता सरळ. सावकाश."

गल्ली खो खो हसत होती. अर्धी मिशी कापायला असा किती वेळ लागतो? काकूनं लई वेळ लावला. मी पण मान हालवली नाय.