फक्त बघायचा हक्क

जावई हा दहावा ग्रह, असं म्हणतात. म्हणोत बापडे. पण जावई कॉम्प्युटर नेटवर्कचं काम करणारा निघाला, की तो ग्रह सासरच्यांच्या हाताखाली फिरतो आणि सुट्टीच्या दिवशीही फिरतो.

माझ्या सासऱ्यांची दातांची लॅब आहे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं स्कॅन पाठवतात, त्यावरून स्क्रीनवर दातावर बसवायची कॅप तयार होते, मशीन ती पांढऱ्या ठोकळ्यातून कोरतं, आणि भट्टीतून निघाली की डबीत बसून डॉक्टरकडे जाते. पूर्वी सासरे हे सगळं मेणात, हाताने करायचे. "दात कोरून पोट भरत नाही म्हणे," ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतात, "माझं तर अख्खं घर त्यावर चाललं!" लग्न ठरवायला गेलो तेव्हा मलाही ऐकवलं होतं. मी हसलो. न हसून करतो काय?

या लॅबमधले सगळे कॉम्प्युटर एकाच नावाने, एकाच पासवर्डने उघडायचे, आणि तो पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला होता. कोणीही यावं, कोणाचीही केस उघडावी. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. मी किती वेळा सांगितलं, पण घरच्या माणसाचा सल्ला कोण घेतो! शेवटी दोन कॅप चुकीच्या गेल्या. एका पेशंटच्या फाईलवर दुसऱ्याचा दात सेव्ह झाला होता. डॉक्टर भडकले, तेव्हा आता लॅब सांभाळणाऱ्या माझ्या मेहुण्याला माझी आठवण झाली.

"भावोजी, प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. कोणी काय केलं ते कळलं पाहिजे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं तर मला माहितीये. ताईच. डिझाइनच्या सगळ्या फाईली त्यांच्याच हातात असतात. आता एक चूक सापडू दे, देतो नारळ."

या ताई म्हणजे माझी बायको नव्हे; डिझाइन करणाऱ्या बाई, लॅबमध्ये सगळे त्यांना ताईच म्हणतात. माझ्या लग्नाच्या आधीपासून आहेत. मेण गेलं, स्क्रीन आली, तेव्हा सगळ्यात आधी त्याच शिकल्या. त्या दिवशी त्या मान खाली घालून काम करत होत्या, आणि एरवी माझी खेचल्याशिवाय न राहणारी बाई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला राग आला. कोणाचा, ते तेव्हा नीट कळलं नव्हतं.

डोमेन कंट्रोलर म्हणजे दारावरचा रखवालदार. कोण कोण आत येऊ शकतं, आणि कोणाला कुठल्या खोलीत काय करता येईल, हे सगळं त्या एका मशीनला माहीत असतं. प्लास्टरच्या गोण्यांच्या खोलीत मी तो सर्व्हर मांडला, पांढरी धूळ पुसली आणि कामाला लागलो. बाकीचे कॉम्प्युटर त्याला जोडायला गेलो तर एकालाही तो सापडेना. तासभर मी वायरींना शिव्या घातल्या. दोष माझाच होता. कॉम्प्युटर पत्ता विचारत होते इंटरनेटच्या डब्याला, आणि त्या डब्याला आमच्या सर्व्हरचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. सर्व्हरलाच विचारा, असं प्रत्येकाला सांगितल्यावर सगळे गुमान जोडले गेले.

मग हक्क वाटायचं काम आलं. जेवायच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले होते. सासरे आत आले आणि गोणीवर बसले.

"जावईबापू, एखाद्याला फाईल दिसेल, पण तिच्यात काही बदलता येणार नाही, असं करता येतं का?"

"येतं की. फक्त बघायचा हक्क. कोणाला द्यायचाय?"

"मला."

मला आधी वाटलं, थट्टा करताहेत. मी हसूनही टाकलं. ते हसले नाहीत.

"संध्याकाळी सगळे गेले की मी केसेस बघतो. हात शिवशिवतात, एखादा दात जरा सरकवतो. उघडतो एकाची, डोक्यात असते दुसऱ्याचीच. सेव्ह केलं की नाही, तेही आठवत नाही हल्ली." त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "घरी बोलू नका."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला? तरी बोललो. "बाबा, चुका आता थांबतील. पण तुमचा मुलगा म्हणेल, प्रत्येकाचं नाव लागल्यावर ताई घाबरून सुधारल्या. डाग त्यांच्यावरच राहील."

ते उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, दुखावले. त्यांच्या नावापुढची बदल करायची खूण मी काढून टाकली.

सोमवारी सगळे आपापल्या नव्या नावाने आत गेले. मेहुण्याने छोटंसं भाषण ठोकलं, "आता चुकेल त्याचं नाव दिसेल," आणि म्हणताना ताईंकडे पाहिलं. ताईंनी पासवर्ड दोनदा चुकवला.

"जरा सगळे इकडे या," सासऱ्यांनी हाक मारली.

आम्ही त्यांच्या खुर्चीमागे जमलो. त्यांनी एक केस उघडली, एक दाढ किंचित सरकवली आणि सेव्ह दाबलं. स्क्रीनवर चौकट आली.

"काय म्हणतंय रे? वाच."

मेहुणा वाकला. "परवानगी नाही..." आणि माझ्यावर उखडला, "भावोजी, मालकालाच विसरलात?"

मी तोंड उघडणार तोच सासरे म्हणाले, "ते विसरले नाहीत. मी सांगितलं तसं केलंय. त्या दोन्ही कॅप माझ्या हातून बिघडल्या."

मेहुण्याच्या चेहऱ्याकडे माझ्याने पाहवेना.

"आणि ताई," ते खुर्चीवरून उठले, "तुमच्यावर आळ येत होता तेव्हा मी गप्प बसलो. ते मात्र मला चांगलं आठवतंय."

ताईंनी डोळे पुसले, त्या आपल्या जागेवर गेल्या, आणि शेजारची खुर्ची ओढून घेतली.

"काका, बघायला तरी या. हा सुळा मला सकाळपासून खटकतोय."

सासरे जाऊन बसले. चष्मा वर केला, खाली केला. मेणातला दात बघायचे तसे, मान तिरकी करून.

"पुढे आलाय. केसभर आत घ्या."

ताईंनी दात केसभर आत घेतला. "एवढा?"

"एवढाच."

ताईंनी सेव्ह केलं.